लांगरुखची पावसाची वही

लंडन, ३ फेब्रुवारी १९९२

ती. रायकीताईस,
स. न. वि. वि.

तुझं नाताळचं पार्सल परवा पोचलं. कडक टोस्टांचा वाटेत भुगा झालाय, पण मी तो चमच्याने कॉफीत घालून खाते. तुझ्या हातचा कणही वाया घालवलेला नाही. फोन केला नाही म्हणून फुगून बसू नकोस. शेतावरच्या आपल्या सामाईक फोन-लाइनवर अजून अकरा घरांचे कान आहेत, आणि मला विचारायचंय ते अकरा घरांनी ऐकावं असं नाही.

आईच्या कादंबरीचं इंग्रजी भाषांतर एकोणिसाव्या प्रकरणापर्यंत आलं आणि तिथे गाडं रुतलंय. तू ती वाचलीस की नाही हे कधी कबूलच केलं नाहीस, म्हणून थोडक्यात सांगते. लहानशा गावात एक शास्त्रज्ञ येतो. डोंगराच्या धारेवर पडणाऱ्या पावसावरच गावचा झरा जगतो, असं त्याचं म्हणणं. बारा शेतांवर तो पाऊस मोजायच्या काचेच्या नळ्या वाटतो आणि दर महिन्याला शेतकऱ्यांच्या वह्यांतून आकडे उतरवून घेतो. धारेवर बोअर मारल्या तर झरा मरेल, हे तो आता सिद्ध करणार, एवढ्यात धारेवरच्याच शेतात एक माणूस अंथरुणाला खिळतो. पावसाचा पत्ता नसतो. त्याची बायको रोज सकाळी नळीत पाणी ओतते, नवऱ्याला आकडा सांगते, तो वहीत लिहितो आणि समाधानाने डोळे मिटतो. वहीत पाऊस आणि झऱ्याला पाणी नाही, म्हणून शास्त्रज्ञाचं गणित कोसळतं. तो अहवाल मागे घेतो, गाव फिदीफिदी हसतं, आणि आपलं काय चुकलं ते त्याला शेवटपर्यंत कळत नाही.

इथला संपादक म्हणतो की हे पटत नाही. एवढा हुशार माणूस एकदा उठून ती नळी तपासायला जाणार नाही का, असं त्याने समासात लिहिलंय. कादंबरीतला शास्त्रज्ञ म्हणजे आपले डॉक्टर टीलमनकाका, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. पण नळीत पाणी ओतणारी बाई आईला कुठे भेटली? तुला ठाऊक असेल तर लिही. महिनाअखेरीला प्रकरण द्यायचंय.

लोभ आहेच. तो टोस्टांसारखा वाटेत न मोडता पोचावा.
तुझी,
एल्ना

---

लांगरुख, १६ फेब्रुवारी १९९२

चि. एल्ना हिस,
अ. उ. आ.

तुझ्या संपादकाला म्हणावं, लंडनात नळ सोडला की पाणी येतं, तुला काय कळणार. इथे माणूस दुसऱ्याच्या लग्नाबद्दल चौकशी करेल, त्याच्या पोरांची नाकं कुणावर गेली ते मोजेल, पण त्याच्या पावसाच्या वहीवर बोट ठेवणार नाही. वही घराघरात बायबलच्या शेजारी असते. आपल्या मामाने तर पोरांचे जन्मही तिच्यातच लिहिलेत, शून्य मिलिमीटरच्या खाली. माणूस मरायला टेकला असताना त्याची वही तपासायची म्हणजे त्याला तोंडावर खोटारडा म्हणायचं. आपल्या फालफोन्टेन गावात असं कुणी केलेलं नाही आणि करणारही नाही.

नोव्हेंबरपासून आभाळ कोरडं ठणठणीत. पवनचक्की फिरते ती नुसती कुरकुरायला. मी मेंढ्या या कुरणातून त्या कुरणात हलवते आणि दोन दिवसांनी परत आणते. गवत दोन्हीकडे नाही, मेंढ्यांनाही ते कळलंय, पण बसवत नाही. तीन वेळा फडताळ आवरून झालं. नगरपालिका आता आपल्या धारेवर तिसरी बोअर मारायच्या विचारात आहे. पहिल्या दोघींनी झरा आटवला, खेळाच्या मैदानावर गवत मात्र हिरवंगार होतं, तेवढंच.

टीलमनकाकांचं विचारलं नाहीस, तरी सांगते. डोळे गेलेत, छातीत पाणी होतं, चार पावलांत धाप लागते. घरकामाला असलेली सीना त्यांचं सगळं बघते. ते गावात आले त्या वर्षी लोकांनी त्यांना तपासायला जिभा दाखवल्या होत्या, आठवतं? खोकल्यावर औषध देता येत नाही तर डॉक्टर कसला, म्हणून सगळे खट्टू झाले होते. अहवाल मागे घेतल्यापासून त्यांचं नाव पडलं कोरडे डॉक्टर, ते काही पुसलं गेलं नाही. अजून सीनाकडून जुने आकडे वाचून घेतात, आणि तेही एकाच वर्षाचे, १९७३चे. सीना म्हणते, आता मला झोपेत विचारलं तरी येतील.

ते एकोणिसावं प्रकरण गाळून टाक. आईने काहीतरी रचलंय. कादंबरीच आहे ती.

इथे पाणी कमी आहे, माया नाही. तिकडूनही आटू देऊ नकोस.
तुझी ताई,
रायकी

---

लंडन, १ मार्च १९९२

ती. रायकीताईस,
स. न. वि. वि.

तू आयुष्यात कुणाला पान गाळायला सांगितलेलं नाहीस. शाळेत माझ्या निबंधातलं एक वाक्य गाळलं तर पुन्हा लिहायला लावणारी बाई तू. म्हणून तुझं पत्र मी चार वेळा वाचलं.

मग कादंबरी काढली. आईने त्या वहीतले आकडे दिलेत, सहा, अकरा, नऊ, चौदा. शेवटचा चौदा, ज्या दिवशी तो माणूस जातो त्या दिवशीचा. बाबा गेले तेव्हा तू वसतिगृहात मला कळवलं होतंस की त्या सकाळी चौदा मिलिमीटर झाला होता. मी ते पत्र जपून ठेवलंय, ताई. ते समोर ठेवूनच लिहिते आहे.

१९७३ची वही तुझ्याच फडताळात असणार, जे फडताळ तू तीनदा आवरलंस. मला एकाच प्रश्नाचं उत्तर हवंय. ती बाई आपली आई होती का?

राग नाही. उत्तर मात्र हवं, लवकर.
एल्ना

---

लांगरुख, १४ मार्च १९९२

चि. एल्ना हिस,
अ. उ. आ.

हो.

गावात सगळे वर्णभेद संपवायचा की नाही या मंगळवारच्या मतदानावरून एकमेकांच्या अंगावर धावून जाताहेत, आणि माझ्या डोक्यात एकोणीस वर्षांपूर्वीची काचेची नळी. तीन दिवस पत्र लिहायला बसते आणि उठते. आज दाराला कडी घालून बसले आहे, म्हणजे उठायला निदान वेळ लागेल.

फेब्रुवारीत बाबांनी अंथरूण धरलं. उशाशी वही आणि शिसपेन्सिल. सकाळी डोळे उघडले की पहिला प्रश्न, किती झाला. रोज शून्य लिहून त्यांचा हात थकला. एक दिवस त्यांनी लिहिलंच नाही, भिंतीकडे तोंड केलं आणि जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं, आई निळा जग घेऊन नळीपाशी गेली. आत येऊन म्हणाली, सहा. बाबा हसले. मग ती खिडकीखालच्या मातीवरही पाणी शिंपडू लागली, काचेवर दोन शिंतोडे मारू लागली. पाच महिने. मी पाहत होते आणि मी पाहते आहे हे तिलाही ठाऊक होतं. दोघी काही बोललो नाही.

टीलमनकाका महिनाअखेरीला येत. बाबांच्या उशाशी बसून आकडे उतरवून घेत, धारेवर तुझ्यावर देवाची नजर आहे बारेन्ट, असं म्हणत. मी कॉफी देत होते. सव्वीस वर्षांची घोडी होते मी, एल्ना, लहान पोर नव्हते. एक शब्द बोलले असते तर पुरे होतं.

आई म्हणायची, माणूस जाऊ दे, मग सांगते. बाबा जूनमध्ये गेले. जुलैत काकांनी अहवाल मागे घेतला, ऑगस्टमध्ये बोअरचा ठराव झाला. आई दर आठवड्याला हॅट घालून त्यांच्याकडे निघायची आणि आपल्या फाटकावरूनच परत यायची. जीभ उचलली नाही ती नाहीच. चार वर्षांनी तिने कादंबरी लिहिली. तिला वाटलं असणार की ते वाचतील आणि समजतील. पण चर्चच्या बाजारात कुणीतरी त्यांना सांगितलं की बाईने तुमचं माकड केलंय. त्यांनी पुस्तक उघडलं नाही, आणि आपल्या लांगरुखच्या घराची पायरीही पुन्हा चढले नाहीत. बाकी गाव वाचत होतं ते आपण कुठल्या पानावर आहोत ते शोधायला. टपालमास्तरीणबाईंनी आपल्या हॅटचा उल्लेख किती वेळा आला ते मोजून ठेवलं होतं. कबुलीजबाब सगळ्यांच्या हातात होता, आणि वाचला कुणीच नाही.

आता काका फार दिवसांचे नाहीत. आपलंच गणित चुकलं असं समजून ते मरणार. सांगावं तर आई गावाच्या तोंडी जाते, तीन वर्षं झालीत तिला पुरून, उलट उत्तर द्यायलाही ती नाही. न सांगावं तर मी बसू शकत नाही. मेंढ्यासुद्धा आता मला पाहिलं की कंटाळून उठतात.

मला आईचा राग येतो. एवढी माया कशाला करायची की ती दुसऱ्याच्या गळ्याला फास व्हावी?

माया ठेव, आणि सल्लाही दे. पहिल्यांदाच मागते आहे.
रायकी

---

लंडन, २६ मार्च १९९२

ती. रायकीताईस,
स. न. वि. वि.

वसतिगृहात मी सगळ्या मुलींना सांगत फिरले होते की माझे बाबा पाऊस पाहून गेले. एकोणीस वर्षं मी त्या चौदा मिलिमीटरवर काढली. तुझ्या एका ‘हो’नं ते वाळले. दोन दिवस तुझ्यावर इतकी चिडले होते की भाषांतराला हात लावला नाही. गंमत म्हणजे आईचा राग येत नाही, आणि त्याचाच राग येतो.

सल्ला मागतेस तर सांगते. जा आणि सांग. पण तू सांगायला गेलीस तर फाटकावरून परत येशील, तू तिचीच मुलगी. म्हणून पुस्तक घेऊन जा. त्यांना दिसत नाही ना, मग वाचून दाखव. आईने जे सांगायला चार वर्षं घेतली ते तिच्याच शब्दांत त्यांच्या कानावर पडू दे. गाव काय म्हणेल ते मी इकडे बसून सोसायला तयार आहे, असं लिहिणार होते, पण ते फारच स्वस्त आहे. सोसायचं तुलाच आहे.

माया पाठवते आहे, तुझ्याकडच्या दुष्काळाला पुरेल इतकी.
एल्ना

---

लांगरुख, १३ एप्रिल १९९२

चि. एल्ना हिस,
अ. उ. आ.

वाचलं.

भोपळ्याचे घारगे करून नेले, म्हणजे हातात काहीतरी असावं. काका खुर्चीत बसले होते, गुडघ्यांवर घोंगडी. मी म्हटलं की आईचं पुस्तक आणलंय, ऐकाल का. त्यांनी चाचपत घोंगडी सारखी केली. मग म्हणाले, माकड केलंय म्हणतात, बघू तरी शेपूट केवढी आहे. मी थेट एकोणिसावं प्रकरण उघडलं. सीना दारात भांडं पुसत उभी होती. ते एकच भांडं ती प्रकरण संपेपर्यंत पुसत होती.

संपल्यावर मी म्हटलं, ती बाई आई होती. बाबांची वही खोटी होती. तुमचं गणित बरोबर होतं.

ते म्हणाले, मला माहीत आहे गं पोरी.

त्यांना पहिल्याच महिन्यात कळलं होतं. म्हणाले, पाऊस काही मापून ओतलेला नसतो. बाकी अकरा वह्यांत अर्धे असतात, पाव असतात, तुमच्या वहीत पाच महिने एकही अर्धा नाही. सगळे पूर्ण आकडे, भाजीवालीने वजन सांगावं तसे. शिवाय शेजारच्या दोन्ही शेतांवर शून्य. एकदा नळीपाशी वाकून पाहिलं तर नळीत पाणी आणि भोवतालच्या झुडपांवर बोटभर धूळ. म्हणजे तुझ्या संपादकाला कळव, त्याचं बरोबर आहे. शास्त्रज्ञ उठून गेला होता.

मग बोलला का नाहीत, म्हणून मी जवळजवळ ओरडलेच. ते म्हणाले, बारेन्ट जिवंत असताना कसं बोलणार, आणि तो गेल्यावर बोलायची पाळी तुझ्या आईची होती. रोज दुपारी मी दोन कप काढून ठेवायचो. ती येईल, सांगेल, मी म्हणेन जाऊ दे, आणि अहवाल पुन्हा पाठवीन. तिने स्वतः सांगितल्याशिवाय मी एका विधवेला सरकारी कागदावर खोटी कशी ठरवू? ती आली नाही. मग पुस्तक आलं, त्यात माझी थट्टा आहे असं कळलं, तेव्हा मी एक कप फडताळात परत ठेवला.

ती आपल्या फाटकापर्यंत जायची, ते तिकडे गावात कप मांडायचे. मध्ये सहा मैल.

आणि मग सीना बोलली. आवाजसुद्धा चढवला नाही. म्हणाली, तुम्ही दोघं मोठी सभ्य माणसं, डॉक्टर, आणि रायकीबाई, तुमच्या आईही सभ्य. तुमच्या सभ्यपणात झरा गेला. पाट आटला तो आधी आमच्या खालच्या वस्तीचा. माझी आई आयुष्याच्या शेवटी डोक्यावर बादल्या वाहत होती, आणि उत्तर या खणात पडलं होतं. तिने खण ओढून उघडला. आत दोन आलेख होते, एक आपल्या वहीचे आकडे धरून, दुसरा शेजारच्या शेतांवरून अंदाज बांधून. दुसऱ्यावर झऱ्याची रेघ अशी बसली होती की माझ्यासारखीलाही कळावं.

काका म्हणाले, सीनाचं बरोबर आहे. मग मला म्हणाले, अहवाल आता जाऊ शकतो, पण वही खोटी होती असं कुणीतरी शपथेवर लिहून द्यायला हवं, आणि ते नगरपालिकेत मोठ्याने वाचलं जाईल.

मी सही केली आहे. मंगळवारी वाचतील. घरी आल्यावर मेंढ्या हलवल्या नाहीत, एवढीच प्रगती.

मी निघताना त्यांनी एक तक्रार केली. पुस्तकातला डॉक्टर कॉफीत तीन चमचे साखर घालतो, ते त्यांना अजिबात मान्य नाही. भाषांतरात दोन कर म्हणाले.

आईवर लोभ ठेव. माझ्यावर जमेल तसा.
रायकी

---

लांगरुख, १० मे १९९२

चि. एल्ना हिस,
अ. उ. आ.

तार मिळाली असेलच. काका गेल्या रविवारी गेले. सविस्तर आज लिहिते आहे, कारण आज पहिल्यांदा एका जागी बसता येतंय.

शपथपत्र वाचलं तेव्हा मी सभागृहात मागच्या बाकावर होते. आईचं नाव आलं तेव्हा एकही खुर्ची वाजली नाही. बाहेर आल्यावर टपालमास्तरीणबाई मला टाळून रस्ता ओलांडून गेल्या. दोन दिवसांनी त्याच बाई दुधाचा टार्ट घेऊन दारात हजर. आत आल्या आणि रडल्या, म्हणाल्या, आमचे हे गेले तेव्हा मीही त्यांना सांगितलं होतं की मुलगा निघालाय, वाटेत आहे. तो निघालाच नव्हता. फोनच्या लाइनवरचे कान आठवडाभर तापलेत, पण आईला कुणी वाईट म्हटल्याचं अजून मी ऐकलं नाही. मला म्हणतात, एवढी वर्षं गप्प बसलीस म्हणून. ते खरंच आहे. तिसरी बोअर थांबवली आहे, पहिल्या दोन बंद करायच्या का ते पाणीखात्याची माणसं येऊन ठरवतील. झरा परत यायला काकांच्या हिशोबाने वीस वर्षं. सीना म्हणते, मी थांबते.

सभेनंतर काका खालावत गेले, जणू एवढ्याचसाठी दम धरला होता. मी रोज सकाळी इथली नळी पाहून गावात जायची, आणि त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, लांगरुखला किती झाला. मी म्हणायची, शून्य. ते मान हलवायचे, शाबास म्हणायचे. तेरा दिवस शून्य, तेरा दिवस शाबास. मला वाटलं, निदान आपण तरी आईसारख्या नाही.

रविवारी सीनाने दारातच डोळ्यांनी सांगितलं. त्यांचे ओठ निळे पडले होते. माझा हात शोधून त्यांनी विचारलं, किती झाला. त्या सकाळी आभाळ घासलेल्या पातेल्यासारखं लख्ख होतं, एल्ना. वहीत शून्य लिहूनच मी निघाले होते. शपथेवर सही करून महिनाही झाला नव्हता. आणि माझ्या तोंडून आलं, बारा.

त्यांनी अगदी हळू विचारलं, बारा आणि किती?

त्यांनी माझ्या हातावर थोपटलं, बाबांच्या उशाशी बसून थोपटायचे तसं. चेहऱ्यावर हसू होतं. म्हणाले, मला सांगितलंस ते छान केलंस. वहीत मात्र लिहू नकोस.

त्यानंतर ते काही बोलले नाहीत. दुपारी गेले.

आईचा राग गेला. तो कुठे गेला ते मला ठाऊक नाही, घरात शोधला, सापडत नाही. एकोणिसावं प्रकरण आहे तसंच ठेव, प्रस्तावना नको, खुलासा नको. डॉक्टरला शेवटपर्यंत कळलं नाही असंच तिला वाटत होतं, तिचं पुस्तक तिच्या समजुतीनेच संपू दे. साखर मात्र दोन चमचे कर.

वही आता समोर आहे. ३ मे, लांगरुख, शून्य.

पाऊस पडला की कळवीन, अर्ध्या-पावासकट. तोवर माया ठेव.
तुझी ताई,
रायकी